रमजान की रमदान? अरबी भाषेची भानगड, सोपी करून

दरवर्षी रमजान जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाद ठरलेला. कुणीतरी ‘रमदान मुबारक’ टाकतं, लगेच दुसरा लिहितो की आपण लहानपणापासून रमजानच म्हणत आलोय, हे नवीन फॅड कुठून आलं, मग तिसरा येतो आणि सगळ्यांना शिकवतो की मूळ अरबी शब्द रमदानच आहे, तुम्हीच चुकताय. आणि या तिसऱ्याचंही पूर्ण बरोबर नसतं, म्हणून म्हटलं एकदा हा विषय नीट लिहूनच काढू.

या शब्दातलं वादाचं जे अक्षर आहे त्याला अरबीत ‘दाद’ म्हणतात. ते आपला द पण नाही आणि ज पण नाही. जीभ दातांच्या मागे टेकवायची, तिचा मागचा भाग वर उचलायचा, घसा थोडा आवळायचा आणि मग द म्हणायचा, तो जो जड, भरलेला आवाज येतो तो दाद. अरब लोकांना या अक्षराचा एवढा अभिमान की ते आपल्या भाषेलाच ‘दादची भाषा’ म्हणतात. इराणी लोकांना तो जमेना, त्यांनी त्याचा सरळ ज़ केला, आणि आपल्याकडे अरबी शब्द आले ते जवळपास सगळे फारसीच्या हातून. म्हणून रमजान. आणि एकटा रमजानच नाही, जप्त, जामीन, हजर, अर्ज, काजी, जिल्हा, या सगळ्यांत मुळात तोच दाद आहे. तेव्हा रमदानचा हट्ट धरायचा तर जिल्हा परिषदेला ‘दिला परिषद’ आणि जामिनाला ‘दामीन’ म्हणायची तयारी ठेवा.

बरं, सौदी किंवा कुवेतमधला माणूस घरी बोलताना तरी द म्हणतो का, तर तेही नाही. तिकडच्या बोलीत तो आवाज इंग्रजी ‘दिस’, ‘दॅट’च्या सुरुवातीला असतो तसा पण जाड निघतो. म्हणजे ‘खरा अरबी उच्चार’ विचारायचा तर आधी विचारावं लागतं, कुठल्या अरबीतला? खरी भानगड इथे सुरू होते.

ही भाषा आली कुठून

अरबी ही सेमिटिक कुळातली. हिब्रू, अरामी, इथिओपियातली अम्हारिक या तिच्या नातेवाईक. अरब माणसाचा पहिला लेखी उल्लेख सापडतो तो इ.स.पू. ८५३ च्या कारकारच्या लढाईच्या असिरियन शिलालेखात, तिथे गिंदिबू नावाचा एक अरब १,००० उंट घेऊन लढायला आला होता असं लिहिलंय. पण ते लिहिणारे असिरियन. अरबांची स्वतःची भाषा दगडावर नीट दिसायला बराच वेळ गेला. सीरियातल्या नमारा इथला इ.स. ३२८ चा शिलालेख यातला सगळ्यात प्रसिद्ध (आता पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये आहे), त्यात भाषा अरबी पण लिपी नबाती, म्हणजे जॉर्डनमध्ये पेट्राची ती गुलाबी डोंगरातली लेणी ज्यांनी कोरली त्या लोकांची. आजची अरबी लिपी त्याच नबाती लिपीतून हळूहळू तयार झाली.

इस्लामच्या आधी अरबस्तानात पुस्तकं नव्हती म्हटलं तरी चालेल, पण कविता प्रचंड होती आणि ती तोंडपाठ चालायची. वेगवेगळ्या टोळ्यांची बोली वेगळी असली तरी कवितेची भाषा साधारण सगळ्यांची एक होती. सातव्या शतकात कुराण आलं ते या कवितेच्या भाषेच्या खूप जवळच्या अरबीत. मग अरबांचं राज्य स्पेनपासून सिंधपर्यंत पसरलं, पण कारभार मात्र सुरुवातीला अरबीत नव्हताच, दमास्कसची दफ्तरं ग्रीकमध्ये आणि इराकची फारसीत चालायची. अब्द अल-मलिक नावाच्या खलिफाने (राज्य ६८५ ते ७०५) ते बदललं, दफ्तरं अरबीत आणायला लावली, नाण्यांवरची चित्रं काढून फक्त अरबी अक्षरं घातली. माझ्या मते अरबी पसरण्यात धर्माइतकाच या कारकुनी हुकमाचा हात आहे, कारण सरकारी नोकरी पाहिजे तर भाषा शिकायलाच लागते.

व्याकरण लिहिलं एका इराण्याने

आता एवढे सगळे परके लोक अरबी बोलायला लागल्यावर ती बिघडणार अशी भीती आली, आणि त्या भीतीतून व्याकरण जन्माला आलं. इराकमधलं बसरा हे त्याचं केंद्र. तिथल्या अल-खलील नावाच्या पंडिताने आठव्या शतकात अरबीचा पहिला शब्दकोश करायला घेतला आणि त्यात अक्षरं लावली ती उच्चाराच्या जागेवरून, घशाच्या तळापासून सुरुवात करून ओठांपर्यंत. आपल्या क-वर्ग ते प-वर्गाची आठवण येते ना? काही अभ्यासकांना यात भारतीय प्रभावाचा वास येतो, पण पक्का पुरावा नाही.

त्याचा शिष्य सीबवैही, हा जन्माने इराणी, याने अरबीचं पहिलं मोठं व्याकरण लिहिलं, आणि त्याला नावही न देता गेला, म्हणून लोक त्याला नुसतं ‘अल-किताब’ म्हणतात. त्याची एक गोष्ट सांगतात. बगदादच्या वजिराच्या दरबारात त्याचा अल-किसाई नावाच्या दुसऱ्या पंडिताशी वाद लावला. प्रश्न काय, तर ‘मला वाटायचं विंचवाचा डंख गांधीलमाशीपेक्षा जास्त झोंबतो, पण बघतो तर दोन्ही सारखेच’ या वाक्यात शेवटच्या सर्वनामाची विभक्ती कुठली लावायची. सीबवैही म्हणाला प्रथमा, किसाई म्हणाला दुसरंही चालतं. निकाल द्यायला कुणाला बोलावलं तर दाराशी थांबलेल्या वाळवंटातल्या बेदुइन (भटक्या टोळ्यांच्या) लोकांना, कारण शुद्ध अरबी त्यांचीच मानली जायची. त्यांनी किसाईच्या बाजूने कौल दिला, पैसे खाऊन दिला असंही म्हणतात, आणि सीबवैही खचून गावी परत गेला आणि लवकरच वारला. गोष्टीत मीठमसाला असेल, पण आठव्या शतकातल्या वाळवंटी बोलीला प्रमाण धरून नियम ठरले हे खरं आहे, आणि ते नियम आज सव्वाबाराशे वर्षांनंतरही बऱ्याच अंशी तसेच लागू आहेत.

तीन व्यंजनांचा कारखाना

अरबीची सगळ्यात भारी गोष्ट मला विचाराल तर तिची शब्द तयार करायची पद्धत. बहुतेक शब्दांचं मूळ तीन व्यंजनांचं असतं. ते मूळ एकटं उच्चारताच येत नाही, त्यात स्वर आणि एखाद-दुसरं जादा अक्षर भरायचं, आणि कुठे काय भरायचं याचे साचे ठरलेले. याचं उदाहरण शोधायला कैरोला जायची गरज नाही, तालुक्याच्या कचेरीत जा.

ह-स-ल हे मूळ घ्या, अर्थ हाती येणं, मिळणं. ‘कर्ता’ साच्यात घातलं की हासिल, तेच आपलं ‘त्यात काय हशील?’ मधलं हशील. ‘क्रिया’ साच्यात घातलं की तहसील, म्हणजे वसुली. ‘ज्याच्यावर क्रिया झाली’ त्या साच्यात घातलं की महसूल, म्हणजे जे वसूल झालं ते. तहसीलदार महसूल गोळा करतो आणि त्यात रयतेला काय हशील, या एका वाक्यात तीच तीन व्यंजनं तीनदा येऊन गेली आणि आपल्याला पत्ता नाही. (आजच्या अरबीत महसूल म्हणजे शेतातलं पीक, तेही बरोबरच.)

आता साचा लक्षात ठेवा आणि मूळ बदला. महसूलचा साचा: मजबूत, मंजूर, मजकूर, मशहूर, मालूम. तहसीलचा साचा: तारीख, तालीम, तपशील, तजवीज, नोटीस ‘तामील’ होते ती तामील. मग उलटं करा, मूळ तेच ठेवा. नजर, कोर्टातला नाझर आणि अर्ज मंजूर होतो तो मंजूर, तिन्ही एकाच न-ज-र चे, ज्याच्यावर साहेबाची नजर पडली तो मंजूर. अंमल, मामलेदार, तामील हे एका घरचे. आणि जप्त आणि मजबूत सख्खी भावंडं आहेत हे मला कळलं तेव्हा मी खरंच अर्धा तास शब्दकोश घेऊन बसलो होतो.

अनेकवचन तर शेवटी प्रत्यय लावून कमी आणि आतली मोडतोड करून जास्त होतं. कायदा एक, अनेक झाले की कवाइद, तीच आपली शाळेतली कवायत. अमीर एक, अनेक उमरा, म्हणून अमीर-उमराव. खबर एक, अनेक अखबार. औलाद हे मुळात अनेकवचन आहे, आपण एका कार्ट्यालाही औलाद म्हणतो ते सोडा.

हा कारखाना अजून चालू आहे. मोटारगाडीसाठी चालणे या अर्थाच्या मुळापासून ‘सय्यारा’ केला, कॉम्प्युटरला हिशेबाच्या मुळावरून ‘हासूब’, आणि रेल्वेला जुनाच शब्द दिला, ‘कितार’, जो आधी एकामागे एक बांधलेल्या उंटांच्या रांगेला होता.

हे शब्द मराठीत बहमनी, निजामशाही, आदिलशाहीच्या कारभारातून फारसीमार्गे आले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो हेच शब्द काढून संस्कृत शब्द आणायला, त्यातले काही रुजले, पण महसूल आणि तहसील काही हलले नाहीत.

लिपी: मात्रा नाहीतच

अक्षरं २८, उजवीकडून डावीकडे, मोठे आणि लहान असा भेद नाही पण शब्दात जागा बदलली की अक्षराचा आकार बदलतो. सुरुवातीला तर ब, त आणि अजून दोन-तीन अक्षरं अगदी सारखीच दिसायची, खाली एक टिंब म्हणजे ब, वर दोन टिंबं म्हणजे त, हे सगळीकडे पक्कं व्हायला इस्लामनंतर बराच काळ गेला.

खरी अडचण म्हणजे ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत. क-त-ब एवढं लिहिलेलं दिसलं तर ते ‘कतब’ (त्याने लिहिलं) असेल, ‘कुतिब’ (लिहिलं गेलं) असेल किंवा ‘कुतुब’ (पुस्तकं) असेल, वाक्य बघून ठरवायचं. म्हणजे आपण वाचतो आणि मग अर्थ लागतो, तिथे थोडा अर्थ लागल्याशिवाय वाचताच येत नाही. कुराणात आणि लहान मुलांच्या पुस्तकात स्वरांच्या खुणा असतात, पेपरात नसतात. आकडे मात्र डावीकडून उजवीकडे लिहितात. जगाच्या शाळेत ज्यांना अरबी अंक म्हणतात ते अंक अरब लोक ‘हिंदी’ म्हणत आलेत, कारण ते घेतले आपल्याकडूनच.

एक अरबी की वीस?

आता मुख्य मुद्दा. अरब लीगमध्ये २२ देश, बोलणारे ४० कोटींच्या घरात, १८ डिसेंबर १९७३ पासून संयुक्त राष्ट्रांची अधिकृत भाषा. पण ज्या अरबीत टीव्हीच्या बातम्या, पाठ्यपुस्तकं, कोर्टाचे कागद असतात ती एकाही अरब मुलाची घरची भाषा नाही. तिला म्हणतात फुस्हा, म्हणजे शुद्ध, स्पष्ट. घरात, बाजारात, भांडणात चालते ती आम्मिया, म्हणजे आम लोकांची (आपल्या आमसभेतला आम तोच). एकाच समाजात अशा दोन थरांच्या भाषा असण्याला भाषाशास्त्रात डायग्लॉसिया म्हणतात, आणि त्याचं जगातलं सगळ्यात ठळक उदाहरण अरबीच.

समजायला असं धरा: आपल्याकडचा पेपर, शाळेची पुस्तकं, बातम्या सगळं संस्कृतात असतं, घरी आपण मराठी बोलतो, सुरतेत गुजराती, पाटण्यात भोजपुरी, आणि कुणी विचारलं की तुमची भाषा कुठली तर सगळे सांगतात, संस्कृत. फरक एवढाच की फुस्हा आणि बोलींमधलं अंतर संस्कृत-मराठीइतकं मोठं नाही आणि फुस्हा रोज लाखो लोक लिहितात.

‘आता’ हा एक साधा शब्द घ्या. फुस्हात ‘अल-आन’. कैरोत ‘दिलवअ्ती’, दमास्कसमध्ये ‘हल्लअ’, बगदादमध्ये ‘हस्सा’, आखातात ‘अल-हीन’, मोरोक्कोत ‘दाबा’. ‘मला पाहिजे’ फुस्हात ‘उरीद’, कैरोत ‘आयिझ’, बैरूतमध्ये ‘बिद्दी’, दुबईत ‘अबघी’. आणि सगळ्यात मजा ‘ऐश’ची. मूळ अर्थ जगणं, त्यातूनच आपली ऐश. कैरोच्या हॉटेलात ऐश मागितलं तर रोटी येईल, कुवेतमध्ये मागितलं तर भात.

उच्चारही तसेच. इजिप्तमध्ये ज चा ग होतो, म्हणून मराठी पेपरात जुन्या नेत्याचं नाव कधी जमाल नासर तर कधी गमाल नासर दिसतं, दोन्ही बरोबर. आखातात क़ चा बऱ्याच वेळा ग होतो, त्यामुळे कतारचा माणूस स्वतः आपल्या देशाला ‘गतर’च्या जवळचं काहीतरी म्हणतो.

मोरोक्कोचा माणूस आणि इराकचा माणूस आपापल्या बोलीत भरभर बोलले तर एकमेकांना कळत नाही. मग दोघं फुस्हाकडे थोडं सरकतात किंवा इजिप्शियन ढंगात बोलतात, कारण कैरोचे सिनेमे आणि गाणी सगळ्यांनी ऐकलेली असतात.

मग बोलीतच का लिहीत नाहीत?

हा प्रश्न लगेच येतो. पहिली अडचण, कुठल्या बोलीत? इजिप्शियनमध्ये पुस्तक काढलं तर मोरोक्कोचं गिऱ्हाईक गेलं. दुसरी, फुस्हा सोडली की कुराण आणि हजार-बाराशे वर्षांचं साहित्य पुढच्या पिढीला परकं होणार. तिसरी सरळ भावनेची, बहुतेक अरबांना आपली बोली ही ‘बिघडलेली’ अरबी वाटते, तिला व्याकरण आहे हेच पटत नाही, जे अर्थातच चूक आहे. २०१८ मध्ये मोरोक्कोत प्राथमिकच्या पुस्तकात तिथल्या मिठाया-पक्वान्नांची बोलीतली नावं छापली तर केवढा गदारोळ झाला. घरात ते खाताना नाव चालतं, पुस्तकात नाही.

आणि फुस्हाची ही छत्री काढून घेतली तर काय होतं हे पाहायला माल्टा आहे. या बेटावर ८७० मध्ये अरब आले, मग १०९१ मध्ये सिसिलीचे नॉर्मन. लोक ख्रिश्चन झाले, फुस्हाशी संबंध संपला, लिपी रोमन झाली. आज माल्टीज ही वेगळी भाषा मानतात, २००४ पासून युरोपियन युनियनची अधिकृत भाषा आहे, पण तिच्या हाडात अरबीच आहे. तिथले कॅथलिक देवाला ‘अल्ला’ म्हणतात आणि ईस्टरच्या आधीच्या त्यांच्या चाळीस दिवसांच्या उपासाला ‘रांदान’. हो, तेच रमदान. म्हणजे मोरोक्कन आणि इराकी ‘एका भाषेच्या बोली’ आहेत आणि माल्टीज ‘वेगळी भाषा’ आहे, हा निर्णय कानाने नाही, इतिहासाने केलाय.

तरी बोली लिहिली जातेच आता, मोबाईलवर. इंग्रजी कीबोर्डवर घशातली अक्षरं नाहीत म्हणून पोरांनी आकडे घेतले, घशाच्या ‘ऐन’साठी इंग्रजीतला तीन, जड ‘ह’साठी सात, कारण आकार तसे दिसतात. जाहिराती बोलीत येतात, विकिपीडियाची इजिप्शियन बोलीतली वेगळी आवृत्ती २००८ पासून आहे.

उर्दू, फारसी म्हणजे अरबीच ना?

नाही. लिपी सारखी म्हणून गोंधळ होतो. फारसी आणि उर्दू या कुळाने मराठीच्या नात्यातल्या, त्यांनी लिपी आणि ढीगभर शब्द अरबीकडून घेतले, पण वाक्याची बांधणी आपली ठेवली. अरबीत प आणि च नव्हतेच, फारसीने त्यासाठी टिंबं वाढवून नवी अक्षरं केली. म्हणून जुना अरब दुकानदार पेप्सीला ‘बेप्सी’ आणि पार्किंगला ‘बार्किंग’ म्हणतो.

आणि अरबी म्हणजे मुसलमानांची भाषा हेही अर्धंच खरं. जगातले बहुसंख्य मुसलमान अरब नाहीत, इंडोनेशियात किंवा आपल्या कोकणात कुराण अरबीत वाचणारे बरेच लोक अरबी बोलू शकत नाहीत. उलट लेबनॉन, सीरिया, इजिप्तमध्ये ख्रिश्चनांची मातृभाषा अरबी आहे, त्यांच्या बायबलमध्येही देवाला अल्लाहच म्हणतात, आणि एकोणिसाव्या शतकात आधुनिक अरबी गद्य घडवण्यात बुत्रुस अल-बुस्तानीसारखे लेबनीज ख्रिश्चन पुढे होते. मध्ययुगातला मोठा ज्यू विचारवंत मैमोनिदेस बरंचसं अरबीत लिहायचा, अक्षरं मात्र हिब्रू.

मग शिकायची तर कुठली?

अवघड आहे हे आधीच सांगतो. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांसाठी अरबीला २,२०० तासांचं शिक्षण धरतं, स्पॅनिशच्या कितीतरी पट. मराठी माणसाला शब्दांची थोडी मदत होते, लिंग-वचनाची सवय असते, आणि संस्कृत शिकलेल्याला द्विवचन बघून धक्का बसत नाही (अरबीत आहे, दोन पुस्तकांना वेगळं रूप).

बहुतेक अ‍ॅप आणि क्लास फुस्हा शिकवतात. कुराण समजून घ्यायचंय, बातम्या ऐकायच्यात, भाषांतराचं काम करायचंय तर तीच शिका. पण रियाध किंवा मस्कतला नोकरीला चाललात आणि फुस्हा घोकून गेलात तर टॅक्सीवाल्याला तुम्ही बातम्या देताय असं वाटेल, आणि त्याचं उत्तर तुम्हाला कळणार नाही. त्यासाठी आखाती बोली शिकवणारा माणूस शोधा, आणि क्लासची फी भरायच्या आधीच विचारा की फुस्हा शिकवणार की खलीजी (म्हणजे आखाती बोली), मोघम उत्तर आलं तर फुस्हा समजा.

खरं सांगायचं तर रत्नागिरी-मुंब्र्याकडून आखातात गेलेली कित्येक माणसं यातलं काहीच शिकत नाहीत आणि त्यांचं अडतही नाही. तिथे कामगारांची, दुकानदारांची एक तिसरीच अरबी तयार झालीय, क्रियापदं न चालवता नुसते शब्द शेजारी ठेवायचे. ‘मला माहीत नाही’ फुस्हात ‘ला आरिफ’, तिथल्या बोलीत ‘मा अदरी’, आणि साइटवर ‘अना माफी मालूम’. सरळ जा म्हणायला तर आखाती अरबच आता ‘सीदा’ म्हणतात, तो आपला ‘सीधा’. त्यांना आपला शब्द घेताना काही वाटलं नाही.